ज्या तंबूवर सगळे हसले

"हे तर मीपण केलं असतं!"

मॉडर्न आर्टचा विषय निघाला की चहाच्या टपरीवर हे वाक्य कुणीतरी टाकतंच. गेल्या आठवड्यात ते टाकणारा मी होतो. विषय होता डेमियन हर्स्टचा शार्क. काचेची टाकी, त्यात फॉर्मल्डिहाइड, त्यात मेलेला शार्क, आणि याला म्हणे कला म्हणायचं. ओघाने ट्रेसी एमिनचा न आवरलेला बिछाना निघाला आणि मग तर सगळ्यांनीच हात धुऊन घेतले. "ज्यासाठी आमची आई रोज ओरडते त्याचे २५ लाख पौंड?" वगैरे वगैरे. शेवटी ठराव एकमताने मंजूर झाला: ही सगळी पब्लिसिटी, बाकी शून्य.

घरी आल्यावर मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. पब्लिसिटी तर पब्लिसिटी, पण केली कशी? खिशात दमडी नसलेली विशी-पंचविशीतली पोरं ही. ना गॅलरी, ना ओळखी, आणि दहा वर्षांत घराघरात नाव. अख्खा वीकांत त्यांच्याबद्दल वाचण्यात गेला. 'पब्लिसिटी' हा शब्द टिकला, पण 'बाकी शून्य' हा भाग एका तंबूपाशी येऊन अडकला. त्या तंबूपर्यंत पोचायला जरा वेळ लागेल. चहा घेऊन बसा.

तर साल १९८८. ब्रिटनमध्ये थॅचरबाईंचं राज्य. पूर्व लंडनमधल्या गोद्या बंद पडलेल्या, रिकाम्या इमारतींच्या रांगाच्या रांगा, आणि सरकारला तिथे नवं चकाचक व्यापारी शहर उभारायचंय. गोल्डस्मिथ्स कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेल्या डेमियन हर्स्ट नावाच्या पोराने सरे डॉक्समधली बंदर खात्याची एक रिकामी इमारत मिळवली आणि तिथे आपल्या नि मित्रमंडळींच्या कामाचं प्रदर्शन लावलं. नाव 'फ्रीझ', कलाकार सोळा.

आता कॉलेजची पोरं प्रदर्शनं लावतातच. पण याने काय केलं बघा. लंडन डॉकलँड्स डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन आणि 'ऑलिंपिया अँड यॉर्क' ही बिल्डर कंपनी, यांच्याकडून पैसे काढले. त्या पैशांतून व्यावसायिक डिझायनरकडून गुळगुळीत कॅटलॉग छापून घेतला, एखाद्या प्रस्थापित गॅलरीला शोभेल असा. हर्स्ट तेव्हा अँथनी डॉफे या मोठ्या गॅलरीत अर्धवेळ नोकरी करायचा, त्यामुळे बड्या लोकांना काय दाखवलं की ते थांबतात हे त्याने जवळून पाहिलं होतं. मायकेल क्रेग-मार्टिन या त्यांच्या शिक्षकाने आपल्या ओळखीच्या लोकांना या म्हणून सांगितलं. रॉयल अकॅडमीच्या नॉर्मन रोझेंथाल यांना तर गाडीतून आणायची व्यवस्था झाली. टेट गॅलरीची सूत्रं हाती घेणारे निकोलस सेरोटा येऊन गेले. चार्ल्स साची आले.

आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्ट तयार व्हायच्या आधीच डेमो झाला होता. :) हर्स्टची 'फ्रीझ'मधली स्वतःची कामं आज फारशी कुणाला आठवतसुद्धा नाहीत. लोकांच्या लक्षात राहिला तो 'प्रदर्शन भरवणारा पोरगा'.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे 'फ्रीझ'च्या काही महिने आधी, अँगस फेअरहर्स्ट या त्यांच्याच वर्गमित्राने लंडन विद्यापीठाच्या एका छोट्या गॅलरीत विद्यार्थ्यांचं प्रदर्शन भरवलं होतं. हर्स्टचं कामही त्यात होतं. कल्पना आधीची, पण बिल्डरचे पैसे नाहीत, कॅटलॉग नाही, गाडी नाही. फेअरहर्स्टचं नाव तुम्ही ऐकलं होतंत का? मी नव्हतं ऐकलं.

या पोरांना भेटलेला साची हा माणूसही समजून घ्यायला हवा. बगदादमध्ये जन्मलेला, लंडनमध्ये वाढलेला, भावाबरोबर 'साची अँड साची' ही जाहिरात कंपनी काढणारा. १९७९ च्या निवडणुकीत थॅचरबाईंच्या हुजूर पक्षाचा प्रचार याच कंपनीने केला. बेकारांची लांबलचक रांग दाखवून मजूर पक्षाची टोपी उडवणारं ते पोस्टर त्यांचंच. उत्तर लंडनमधल्या एका जुन्या रंगाच्या कारखान्यात १९८५ पासून त्याची स्वतःची गॅलरी होती. नव्वदीच्या सुरुवातीला मंदी आल्यावर त्याने आपल्याकडची पुष्कळशी महागडी अमेरिकन कला विकून टाकली आणि या नवख्या ब्रिटिश पोरांची कामं स्वस्तात उचलायला लागला. हर्स्टचं १९९० चं काम, म्हणजे काचेच्या पेटीत गाईचं कुजकं डोकं, त्यावर पोसलेल्या माश्या आणि त्या माश्यांना मारणारं विजेचं यंत्र, हे त्याने घेतलं. (एका पेटीत जन्म ते मृत्यू असं चालू प्रॉडक्शन. खरं सांगतो, हे काम मला शार्कपेक्षा भारी वाटतं.) मग साचीने हर्स्टला सांगितलं, तुला हवं ते कर, पैसे मी देतो. हर्स्टने ऑस्ट्रेलियातून चौदा फुटी टायगर शार्क पकडून मागवला. १९९२ मध्ये 'यंग ब्रिटिश आर्टिस्ट्स' नावाच्या प्रदर्शनात तो मांडला गेला आणि या सगळ्या टोळीला नाव मिळालं, वायबीए. 'द सन'ने मथळ्यात टिंगल केली: पन्नास हजार पौंडांचा मासा, तोही चिप्सशिवाय! पण जाहिरातवाल्या माणसाला यात रडण्यासारखं काय होतं? कालपर्यंत ज्या वाचकाने गॅलरीचं तोंड पाहिलं नव्हतं त्याला आज कलाकाराचं नाव पाठ झालं होतं.

टीव्हीनेही हातभार लावला. टर्नर पारितोषिक १९९० मध्ये दिलंच गेलं नाही, कारण प्रायोजक असलेली अमेरिकन फायनान्स कंपनी दिवाळखोरीत गेली. १९९१ पासून चॅनल फोर प्रायोजक झालं. बक्षीस दुप्पट म्हणजे २० हजार पौंड, वयाची अट पन्नासच्या आत, आणि समारंभ टीव्हीवर. टीव्हीला चेहरे लागतात. वयस्कर, घुमे, स्टुडिओत एकटे बसणारे चित्रकार टीव्हीच्या काय कामाचे?

हर्स्टला हे फार आधी कळलं असावं. १९९१ मध्ये त्याने स्वतःचा एक फोटो कलाकृती म्हणून मांडला. फोटो दहा वर्षं जुना. सोळा वर्षांचा हर्स्ट, लीड्सच्या शवागारात चित्रकलेचा सराव करायला गेलेला, टेबलावरच्या एका मृत माणसाच्या तोडलेल्या डोक्याशेजारी गाल टेकवून दात काढून हसतोय. 'वाह्यात पोरगा' ही त्याची पुढची सगळी प्रतिमा या एका फोटोत आहे. तो फोटो पाहून मला हर्स्टचं काही वाटलं नाही. वाटलं ते त्या डोक्याचं. त्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्याचा चेहरा आज जगभर ओळखता येतो.

पुढे हर्स्ट म्हणजे नुसता धुमाकूळ. १९९५ मध्ये टर्नर पारितोषिक, त्याच वर्षी 'ब्लर' बँडच्या गाण्याचा व्हिडिओ. १९९८ मध्ये नॉटिंग हिलमध्ये 'फार्मसी' हे रेस्टॉरंट. त्याच साली ब्लरचा अॅलेक्स जेम्स आणि नट कीथ अॅलन यांच्याबरोबर फुटबॉल वर्ल्डकपसाठी काढलेलं धांगडधिंगा गाणं 'विंदालू' ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर! (गोव्याच्या विंदालूचं हे काय झालं ते सोडा.) रेस्टॉरंट बंद पडलं, तर २००४ मध्ये त्यातलं सामान सदबीजने लिलावात काढलं आणि एक कोटी पौंडांहून जास्त मिळवून दिले. बंद पडलेल्या धंद्याच्या खुर्च्या-ग्लासांचे एवढे पैसे येतात तेव्हा विकलं काय जातंय हे वेगळं सांगायला नको.

आता एमिन.

ट्रेसी एमिन, जन्म १९६३, वाढली मार्गेट या समुद्रकाठच्या गावात. रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून रीतसर चित्रकला शिकली. १९९० मध्ये गर्भपाताच्या अनुभवानंतर तिने आपली तोवरची चित्रं नष्ट केली. पुढे १९९२ मध्ये तिने लोकांना पत्रं पाठवली: माझ्या सर्जनशीलतेत दहा पौंड गुंतवा, बदल्यात मी तुम्हाला पत्रं लिहीन. म्हणजे दाखवायला एकही कलाकृती नाही, विकायला आहे फक्त 'मी'. दहा पौंड देणाऱ्यांत जे जॉपलिंग नावाचा एक तरुण होता. त्याने १९९३ मध्ये 'व्हाइट क्यूब' ही एका खोलीची गॅलरी काढली आणि तिथे एमिनचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं. नाव काय, तर 'माय मेजर रेट्रोस्पेक्टिव्ह'. पहिल्याच प्रदर्शनाला सिंहावलोकन! त्यात काय होतं? नष्ट केलेल्या चित्रांचे इवलेसे फोटो आणि अपघातात गेलेल्या एका नातलगाच्या हातात शेवटच्या क्षणी असलेलं सिगरेटचं पाकीट.

स्वतःचं आयुष्य भांडवल म्हणून लावणं लंडनला तसं नवं नव्हतं. आपला साळगावचा, गोव्याचा फ्रान्सिस न्यूटन सूझा तिथे उपाशीपोटी दिवस काढत होता. १९५५ मध्ये 'एन्काउंटर' मासिकात त्याने आपल्या लहानपणावर निबंध लिहिला आणि त्याच वर्षी गॅलरी वनमधल्या प्रदर्शनाने त्याचं नाव झालं. पण सूझाने निबंध वेगळा आणि चित्र वेगळं ठेवलं होतं. एमिनने ते दोन्ही एकच करून टाकलं.

१९९३ च्या पूर्वार्धात तिने सारा लुकास या मैत्रिणीबरोबर पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीन रोडवर 'द शॉप' नावाचं दुकान चालवलं. हाताने केलेले टीशर्ट, बिल्ले आणि तळाशी डेमियन हर्स्टचा फोटो चिकटवलेले अॅशट्रे. हे मला जाम आवडलं. वर्गातला पोरगा प्रसिद्ध होतोय ना, घ्या, विझवा सिगरेट त्याच्या तोंडावर. एमिनच्या तिसाव्या वाढदिवसाला दुकान बंद झालं.

आणि १९९५ मध्ये तो तंबू. नाव: 'एव्हरीवन आय हॅव एव्हर स्लेप्ट विथ १९६३–१९९५'. साधा कँपिंगचा तंबू, आतून कापडी अक्षरं शिवून लिहिलेली १०२ नावं. नाव ऐकून जे तुमच्या मनात आलं तेच सगळ्यांच्या मनात आलं. माझ्याही. १०२ म्हणजे काय चाललं होतं काय बाईचं, असं.

पण सालं वाचा. १९६३ हे तिचं जन्मसाल आहे. त्या नावांमध्ये तिचा जुळा भाऊ आहे, ज्याच्याबरोबर ती आईच्या पोटात झोपली होती. तिची आजी आहे. लहानपणच्या मैत्रिणी आहेत, नुसतं शेजारी झोपी गेलेले दोस्त आहेत. प्रियकर आहेत. आणि जन्माला न आलेले दोन गर्भ आहेत, नावाऐवजी क्रमांक असलेले. मराठीतसुद्धा 'झोपणं' या शब्दाचे दोन अर्थ होतात, त्यामुळे मला ही मेख चटकन लागली. आजीच्या गोधडीत शिरून झोपणं आणि 'ते' झोपणं, शब्द एकच. बाहेरून चावट, आतून आजी. आणि नावं वाचायची तर वाकून, रांगत आत शिरावं लागायचं, झोपायला शिरतो तसंच.

आता बघा, हे सगळं उभं आहे ते तिच्या प्रतिमेवरच. ती 'बिनधास्त बाई' म्हणून माहीत नसती तर फसवणारं नाव फसवणार कसं? पण याच प्रतिमेने घात केला. बहुतेकांना नाव पुरेसं होतं. ते वाचून हसलेल्यांपैकी किती जण गुडघ्यांवर बसून आत शिरले असतील कुणास ठाऊक.

१९९७ हे तर कळसाचं वर्ष. रॉयल अकॅडमीत सप्टेंबर ते डिसेंबर 'सेन्सेशन' प्रदर्शन झालं: साचीच्या संग्रहातली ४२ कलाकारांची ११० कामं, तंबू आणि शार्क धरून. पाहणारे तीन लाखांच्या घरात. सगळ्यांत जास्त खळबळ मात्र या दोघांमुळे नाही, तर मार्कस हार्वीच्या चित्रामुळे झाली. लहान मुलांच्या खून प्रकरणातली मायरा हिंडली, तिचा चेहरा लहान मुलाच्या हाताच्या ठशांनी रंगवलेला. लोकांनी त्यावर शाई आणि अंडी फेकली, अकॅडमीच्या काही सदस्यांनी राजीनामे दिले, मारल्या गेलेल्या मुलांपैकी एकाची आई बाहेर निषेधाला उभी राहिली. प्रदर्शन १९९९ मध्ये ब्रुकलिनला गेलं तेव्हा महापौर जुलियानी यांनी ख्रिस ओफिलीच्या मेरीच्या चित्रावरून संग्रहालयाचा ७० लाख डॉलरचा निधी रोखायची धमकी दिली, कोर्टात हरले. प्रत्येक भांडणागणिक नावं मोठी होत गेली. त्या आईच्या दुःखाची किंमत मात्र या हिशेबात कुठेच लागली नाही, आणि तेव्हाच्या 'धाडसी कले'चं कौतुक वाचताना मला ती सारखी आठवत राहिली.

त्याच वर्षी २ डिसेंबरला, टर्नर समारंभानंतर, चॅनल फोरवर थेट चर्चा होती: 'चित्रकला संपली का?' समीक्षक, विचारवंत मंडळी गोल करून बसलेली. त्यात एमिन, बोटाला दुखापत, पोटात वेदनाशामक गोळ्या आणि भरपूर दारू. ती अडखळत बोलली, हे खरे लोक बघत तरी आहेत का असं काहीसं म्हणाली, मला आईशी बोलायचंय म्हणाली आणि मायक्रोफोन काढून निघून गेली. दुसऱ्या दिवशी पेपर वाचेपर्यंत आपण टीव्हीवर होतो हेच तिला आठवत नव्हतं. देशाला मात्र ती कायमची आठवली. गंमत म्हणजे त्या वर्षी टर्नरच्या यादीतल्या चारही कलाकार बायका होत्या आणि जिंकली होती जिलियन वेअरिंग. त्या रात्रीबद्दल आज कुणी तिचं नाव काढत नाही. आणि दारू तर हर्स्टही पीत होता, कॅमेऱ्यासमोर चाळेही करत होता. त्याचं ते 'कलंदरपण'. हिचं ते 'बघा, काय अवस्था'.

१९९९ मध्ये एमिनचा बिछाना टर्नरच्या यादीत आला: चुरगळलेल्या चादरी, रिकाम्या बाटल्या, सिगरेटी, डागाळलेले कपडे. नैराश्यात अनेक दिवस जिथून ती उठली नव्हती ती जागा. दोन चिनी कलाकारांनी त्यावर उड्या मारून उशा फेकल्या, पेपरांना आणखी एक बातमी. बक्षीस स्टीव्ह मॅक्वीनला मिळालं. साचीने २००० मध्ये दीड लाख पौंडांना घेतलेला हा बिछाना २०१४ मध्ये क्रिस्टीजमध्ये २५ लाखांवर गेला, तोच आमचा टपरीवरचा आकडा.

एमिन बिचारी, अजाण, असं मी मुळीच म्हणणार नाही. 'बॉम्बे सफायर' जिनच्या जाहिरातीत ती झळकली. प्रतिमा तिनेच घडवली, विकलीही. पण हर्स्टच्या बाबतीत प्रतिमा जसजशी फुगत गेली तसतशी कामाची गरज कमी होत गेली. ठिपक्यांची चित्रं मदतनीस काढायचे. २००७ मध्ये ८,६०१ हिऱ्यांनी मढवलेली कवटी आली, किंमत ५ कोटी पौंड. ती विकली गेल्याचं जाहीर झालं, पण घेणाऱ्या गटात हर्स्ट स्वतःच होता. २००८ मध्ये १५ आणि १६ सप्टेंबरला त्याने गॅलऱ्यांना टाळून थेट सदबीजमध्ये २२३ नव्या कामांचा लिलाव केला आणि ११ कोटींहून जास्त पौंड कमावले. तारीख बघा. १५ सप्टेंबरलाच लेहमन ब्रदर्स बुडाली. २०२४ मध्ये 'गार्डियन'ने उघड केलं की नव्वदच्या दशकातली तारीख दिलेली त्याची काही फॉर्मल्डिहाइडची कामं प्रत्यक्षात २०१७ मध्ये बनली होती. त्याच्या कंपनीचं म्हणणं, तारीख कल्पनेची असते. आम्ही फाइलवरची तारीख बदलली तर ऑडिटवाले काय करतील ते सांगत बसत नाही. असो. पण कुठल्या दशकातली तारीख घातली ते बघा: जेव्हा तो तरुण आणि वाह्यात होता.

'फ्रीझ'मधलाच मायकेल लँडी दुसऱ्या टोकाला गेला. फेब्रुवारी २००१ मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका रिकाम्या दुकानात त्याने आपली प्रत्येक वस्तू, एकूण ७,२२७, नोंद करून यंत्रात चिरडली. पासपोर्ट, गाडी, मित्रांनी दिलेली चित्रंसुद्धा. विकायला काहीच उरलं नाही. आणि तो अँगस फेअरहर्स्ट, फेब्रुवारीवाला? २००८ साली, वयाच्या ४१ व्या वर्षी त्याने आत्महत्या केली.

२४ मे २००४. पूर्व लंडनमधल्या लेटन भागात मोमार्ट कंपनीच्या कलाकृती ठेवायच्या गोदामाला आग लागली. साचीच्या संग्रहातली शंभरावर कामं जळाली. पॅट्रिक हेरॉन या जुन्या, आदरणीय चित्रकाराची अनेक चित्रं गेली. त्यावर कुणी विनोद केले नाहीत. विनोद झाले ते तंबूवर. बरं झालं, कचरा जळाला. दुसरा तंबू आणा दुकानातून, त्यात काय. म्हणजे आमच्या टपरीसारखंच. एमिनने तेव्हा सांगितलं की आपल्याला वाईट वाटतंयच, पण त्याच सुमारास इराकमध्ये लग्नाच्या वऱ्हाडावर बाँब पडून माणसं मेली होती, त्याचंही वाईट वाटतंय.

त्याच आगीत जेक आणि डायनॉस चॅपमन या भावांचं 'हेल' जळालं होतं, हजारो छोट्या बाहुल्यांनी भरलेला नरक. त्यांनी तो पुन्हा बनवला, पहिल्यापेक्षा मोठा, २००८ मध्ये. एमिनने तंबू पुन्हा बनवायला नकार दिला. नंतर ती रॉयल अकॅडमीची सदस्य झाली, तिथे ड्रॉइंगची प्राध्यापक झाली, २०२० मध्ये कॅन्सरच्या मोठ्या शस्त्रक्रियेतून वाचली, मार्गेटला परत जाऊन तिने नव्या कलाकारांसाठी स्टुडिओ काढले. तंबू मात्र नाहीच.

त्याचे फोटो आहेत. बहुतेक दारातून काढलेले. आतली काही नावं वाचता येतात, सगळी नाही.